बुक्की मारली की गार, चकती टिचकवली की गरम: दोन शेकायच्या पिशव्यांबद्दल

गुडघ्याच्या दुखण्यासाठी मी दोन प्रकारच्या पिशव्या वापरते. पहिली बुक्की मारली की गार पडते आणि एकदा वापरून टाकून द्यायची असते. दुसरीत धातूची एक छोटी चकती असते. ती टिचकवली की पिशवी गरम होते, आणि ही पुन्हा पुन्हा वापरता येते. वापरायच्या वेळी दोन्हींना ना वीज लागते ना बर्फ. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पिशवी गुडघ्यावर ठेवली की डोक्यात हिशेब आपोआप सुरू होतो. म्हणून वस्तू म्हणून या पिशव्या कशा आहेत तेही लिहिते आणि त्यांच्या आत काय चालतं तेही.

माझं मत आधीच सांगून टाकते. एन्थाल्पी (घेतल्या-दिल्या उष्णतेचा हिशेब), एन्ट्रॉपी (कणांच्या मांडणीच्या शक्यता किती, याचं माप) आणि ‘ही अभिक्रिया घडेल का’ हा प्रश्न हातात धरून बघायचा असेल, तर या जोडीइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही. पण जोडीच घ्यावी. एकच घेतली तर अर्धीच गोष्ट कळते, आणि अर्धी कळलेली गोष्ट या विषयात फार चुकीच्या दिशेला नेते.

आधी गार पिशवी. बाहेरची पिशवी जाड, दुधी प्लास्टिकची. आत पांढरे दाणे आणि त्या दाण्यांत पुरलेली पाण्याची एक पातळ थैली. पिशवी सपाट जागेवर ठेवायची, मधोमध मुठीने जोरात दाबायची. आतली थैली फुटल्याचा फट् असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर नुसतं हलवून काही होत नाही. आवाज आला की दोन्ही टोकं धरून पिशवी हलवायची. दाणे तळाशी जिथे साचलेले असतात, तिथे बोटांना गारवा आधी लागतो, मग तो वर पसरतो. खोलीत २५ अंश सेल्सिअस तापमान असताना पिशवीची घडी घालून त्यात थर्मामीटर धरला, तर मिनिटाभरात पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. दहा मिनिटं हा गारवा चांगला टिकतो, वीस मिनिटांनंतर पिशवी नुसती थंडसर राहते. मुरगळलेल्या पायाला किंवा सुजेला एका वेळी एवढंच शेकायचं असतं, त्यामुळे वेळेबाबत माझी तक्रार नाही.

आता आतलं. जुन्या पद्धतीच्या पिशवीत अमोनियम नायट्रेट असतं. हा क्षार पाण्यात विरघळताना मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली, प्रचंड मोठी संख्या) सुमारे २५.७ किलोज्यूल उष्णता शोषतो. या क्षाराचा एक मोल म्हणजे ८० ग्रॅम, तेव्हा ग्रॅमला साधारण ३२० ज्यूल. ५० ग्रॅम क्षार दीडशे ग्रॅम पाण्यात विरघळला तर सोळा किलोज्यूल उष्णता लागते. ती कुठून येणार? पिशवीतल्या द्रावणातूनच. दोनशे ग्रॅम द्रावणातून एवढी उष्णता काढून घेतली की तापमान वीस-बावीस अंशांनी उतरतं. थर्मामीटर तेच दाखवतो. कागदावरचं गणित आणि गुडघ्यावरचा गारवा एकमेकांना इतके जुळतात, हे बघताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. विद्यार्थी हा प्रश्न विचारतात आणि विचारलाच पाहिजे. उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया आपणहून घडते हे मनाला पटतं: ऊर्जा खाली उतरली, काम झालं. मग ही पिशवी उष्णता ओढून घेते, म्हणजे क्षाराची ऊर्जा वर चढते आहे, तरी ती कुणाच्या बळजबरीशिवाय कशी घडते? मी तर फक्त थैली फोडली. पुढची उष्णता मी दिलेली नाही.

उत्तर एन्ट्रॉपीत आहे. घन अमोनियम नायट्रेटमध्ये आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, स्फटिकात ठरलेल्या जागी बांधलेले असतात. पाण्यात उतरले की ते सगळ्या द्रावणात कुठेही असू शकतात. त्यांच्या मांडणीच्या शक्यता प्रचंड वाढतात. कोष्टकातले आकडे घेऊन बेरीज-वजाबाकी केली तर मोलमागे एन्ट्रॉपी सुमारे १०९ ज्यूल प्रति केल्विन वाढते. २९८ केल्विनला (म्हणजे २५ अंश सेल्सिअसला) या वाढीची किंमत, म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल, साधारण ३२.४ किलोज्यूल भरते. एन्थाल्पी २५.७ ने वर गेली आणि त्यातून हे ३२.४ वजा झाले. उरले उणे ६.७ किलोज्यूल. हाच गिब्ज मुक्त ऊर्जेतला बदल, म्हणजे डेल्टा जी. तो उणे आहे, म्हणून क्षार विरघळतो.

वर्गात मी हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून घेते, कारण ‘डेल्टा जी उणे’ हे मुलं पाठ करतात आणि त्यामागचं कारण निसटतं. क्षाराने मोलमागे २५.७ किलोज्यूल उष्णता भोवतालातून घेतली. भोवतालाची एन्ट्रॉपी त्यामुळे सुमारे ८६ ज्यूल प्रति केल्विनने घटली. आत मात्र १०९ ने वाढली. दोन्ही मिळून विश्वाच्या खात्यात २३ ची वाढ. उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, दुसरा नियम एवढंच मागतो: एकूण एन्ट्रॉपी वाढली पाहिजे. गिब्ज ऊर्जा ही भोवतालाचा हिशेब वेगळा न मांडता हेच तपासायची सोय आहे. जोसाया विलर्ड गिब्ज यांनी ती १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या दीर्घ निबंधात मांडली. त्याआधी युलियस थॉमसन आणि मार्सेलँ बर्तेलो या दोन मोठ्या रसायनशास्त्रज्ञांचा भर बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर होता: जी अभिक्रिया जास्त उष्णता देते, तिच्याकडे पदार्थांचा कल असतो. ते हुशार होते, त्यांची मोजमापं फार कसोशीची होती, आणि बऱ्याच अभिक्रियांत नेहमीच्या तापमानाला त्यांचा नियम लागूही पडतो, कारण तिथे एन्थाल्पीचा आकडा एन्ट्रॉपीच्या हिश्शापेक्षा बराच मोठा असतो. ही गार पिशवी त्या नियमाच्या बाहेर पडते. म्हणूनच ती मला शिकवायला इतकी मोलाची वाटते.

गिब्ज ऊर्जेच्या सूत्रात (एन्थाल्पीतला बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल) तापमान आहे, हेही या पिशवीवरून दाखवता येतं. डेल्टा जी शून्य कुठे होईल ते काढा: २५,७०० भागिले १०९, म्हणजे साधारण २३६ केल्विन, उणे ३७ अंश. हे प्रमाणित संहतीसाठीचं, म्हणजे द्रावणाच्या एका ठरलेल्या दाटपणासाठीचं, गणित आहे आणि प्रत्यक्षात त्याआधीच गोठण्याचा प्रश्न येतो, त्यामुळे तो आकडा शब्दशः घ्यायचा नाही. पण कल खरा आहे. तापमान उतरतं तशी अमोनियम नायट्रेटची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात किती विरघळू शकतं ती मर्यादा, घटते. पिशवी स्वतःच्या गारव्यानेच स्वतःला आवरत जाते. आधीच खूप थंड जागी ठेवलेली पिशवी फोडली तर तळाशी न विरघळलेले दाणे जास्त राहतात, ते यामुळेच.

वस्तू म्हणून तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: मी वापरलेल्या एका पिशवीवर क्षाराचं नावच छापलेलं नव्हतं. ‘थंडावा देणारे कण’ एवढंच. हे मला मान्य नाही. अमोनियम नायट्रेट स्फोटकांसाठी वापरलं जाऊ शकतं, त्यामुळे त्यावर बऱ्याच देशांत निर्बंध आहेत आणि अनेक उत्पादक युरियाकडे वळले आहेत. युरिया मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल शोषतो, पण त्याचा मोल ६० ग्रॅमचा. ग्रॅममागे अडीचशे ज्यूल. म्हणजे तेवढ्याच वजनाची युरियाची पिशवी थोडी कमी गार होणार. मला ते चालतं, सुरक्षितता महत्त्वाची आहे. पण आत काय आहे हे वापरणाऱ्याला कळलं पाहिजे, विशेषतः पिशवी फुटून ते हाताला किंवा डोळ्याला लागलं तर.

दुसरी गोष्ट साठवणीची. अमोनियम नायट्रेट हवेतली आर्द्रता ओढतं. शिवाय ३२ अंशांच्या सुमाराला त्याच्या स्फटिकाची रचना बदलते. उन्हात तापणाऱ्या खोलीत पिशवी ठेवली की तापमान त्या आकड्याच्या वर-खाली होत राहतं, दाणे प्रत्येक वेळी थोडे फुगतात, आकसतात, आणि शेवटी त्यांचे खडे बनतात. खडे झालेली पिशवी फोडली तर क्षार हळूहळू विरघळतो. एकूण शोषली जाणारी उष्णता तेवढीच, पण ती इतकी सावकाश की बाहेरून येणारी उष्णता तिला गाठते आणि पिशवी नीट गार पडतच नाही. विकत घेताना बोटांनी चाचपून बघा. दाणे मोकळे सरकले पाहिजेत.

त्वचेवर थेट ठेवू नका, मध्ये पातळ फडकं घ्या. आणि प्रत्येक वापरानंतर एक प्लास्टिकची पिशवी कचऱ्यात जाते, हे मला खुपतं. रोजच्या दुखण्यासाठी ही पिशवी नाही. प्रवासात किंवा मैदानावर, जिथे बर्फ मिळणार नाही अशा ठिकाणी, तिला तोड नाही.

गरम पिशवीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ती जास्त खोल आहे.

ही पारदर्शक असते. आत पाण्यासारखा स्वच्छ, जरासा दाट द्रव आणि त्यात सुटी असलेली, बोटाच्या पेराएवढी धातूची चकती. द्रव म्हणजे सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट (स्फटिकात पाण्याचे तीन रेणू बांधून ठेवणारा क्षार), पूर्ण वितळलेल्या अवस्थेत. त्याचा वितळणबिंदू ५८ अंश. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत तो घनच असायला हवा, तरी तो द्रव राहिलेला आहे. चकती टिचकवा आणि डोळे तिच्यावरच ठेवा. चकतीच्या कडेला एक पांढरा ठिपका उमटतो. त्यातून सुयांसारखे स्फटिक सर्व बाजूंना सरसर धावत निघतात, त्यांचा गोल मोठा होत पिशवीच्या कडांना भिडतो, आणि काही सेकंदांत सगळी पिशवी दुधासारखी पांढरी आणि गरम. पांढरी रेषा जिथून पुढे सरकते, तिथे बोट ठेवलं तर रेषेच्या अलीकडे ऊब आणि पलीकडे खोलीचं तापमान असं स्पष्ट जाणवतं. मुलांना मी हे बोट ठेवून बघायलाच लावते.

इथे हिशेब गार पिशवीच्या बरोबर उलटा आहे. द्रवाचा घन होताना कण बांधले जातात, एन्ट्रॉपी घटते. वितळण्याची उष्णता ग्रॅमला सुमारे २६४ ज्यूल, मोलला साधारण ३६ किलोज्यूल. ३३१ केल्विनने (म्हणजे ५८ अंशांनी, केल्विनमध्ये) भागले की एन्ट्रॉपीतला बदल मिळतो, मोलमागे सुमारे १०८ ज्यूल प्रति केल्विन. गार पिशवीत जवळपास एवढ्याच आकड्याची वाढ होती, इथे तेवढीच घट. हा योगायोग आहे, पण शिकवणारीला याहून सोयीचा योगायोग मिळणार नाही. एन्ट्रॉपी घटूनही स्फटिक बनतात, कारण बाहेर पडलेली ३६ किलोज्यूल उष्णता भोवतालाची एन्ट्रॉपी त्याहून जास्त वाढवते. २९८ केल्विनला डेल्टा जी साधारण उणे साडेतीन किलोज्यूल येतो. फार मोठा नाही, पण चिन्ह उणे आहे आणि तेवढं पुरतं.

तापमान वाढवत नेलं तर? एन्ट्रॉपीच्या घटीची किंमत वाढत जाते आणि ५८ अंशांना डेल्टा जी शून्य होतो. वितळणबिंदूचा अर्थच हा. या पिशवीचा जो गुण मला सर्वांत आवडतो, तो इथून आलेला आहे: ती ५८ अंशांच्या वर जाऊच शकत नाही. स्फटिक बनताना तापमान चढतं, पण वितळणबिंदूला पोचलं की पुढचे स्फटिक बनायचे थांबतात. थोडी उष्णता बाहेर गेली की आणखी थोडे बनतात. माझ्या थर्मामीटरवर ५४ अंश दिसतात आणि पारा बराच वेळ तिथेच थबकून राहतो. नियंत्रण करणारी कुठलीही तार नाही, बटण नाही. तरी वृद्धांच्या किंवा ज्यांची संवेदना कमी झाली आहे अशांच्या त्वचेला ५४ अंशही जास्त असतात, त्यामुळे फडक्यात गुंडाळूनच वापरा.

आणि चकती टिचकवेपर्यंत हा द्रव का थांबला होता? डेल्टा जी तर सगळा वेळ उणेच होता. उष्मागतिकी एवढंच सांगते की वाट खुली आहे. निघायचं कधी, हे ती सांगत नाही. पहिला इवलासा स्फटिक घडवायचा तर त्याचा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्चावी लागते, आणि कण फार लहान असेतो हा खर्च त्याच्या फायद्यापेक्षा जास्त असतो. म्हणून द्रव दिवसेंदिवस तसाच राहतो, खोलीच्या तापमानाच्या खूप खालीही. चकतीच्या बारीक फटींत अडकून राहिलेले सूक्ष्म स्फटिक टिचकी मारताच द्रवात येतात असं मानलं जातं. एकदा बीज मिळालं की पुढचं काम काही सेकंदांचं. ‘घडू शकते’ आणि ‘आत्ता घडते’ यांतला फरक शब्दांत सांगून मुलांच्या गळी उतरत नाही. ही पिशवी तो टेबलावर ठेवून दाखवते. माझ्या मते पैसे वसूल व्हायला एवढं एकच पुरेसं आहे.

पुन्हा तयार करताना काळजी घ्यावी लागते. पातेल्यात तळाशी जुनं फडकं घालायचं, नाहीतर प्लास्टिक तापलेल्या धातूला चिकटतं. पाणी उकळतं ठेवून पिशवी दहा-पंधरा मिनिटं त्यात राहू द्यायची. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, आत धातू आहे. बाहेर काढून दिव्यासमोर धरा आणि कोपरे तपासा. शिवणीच्या घडीत राईएवढा पांढरा कण जरी उरला, तर गार होताना तोच बीजाचं काम करतो आणि पिशवी टिचकीशिवाय घट्ट होते. चकतीच्या आसपास विशेष बघा.

या पिशवीची अडचण म्हणजे घट्ट झाल्यावर ती फळीसारखी कडक होते. गुडघ्याला लावायची असेल तर टिचकी मारल्याबरोबर, ती मऊ असतानाच, गुडघ्याभोवती वळवून घ्यावी लागते. लहान पिशवी अर्धा तास चांगली तापते, मोठी तासाभराहून जास्त. वस्तुमान वाढतं तशी उष्णता वाढते, इथे काही गूढ नाही. सामानात दाबली जाऊन ती वाटेतच सुरू होण्याचा त्रासही आहे. चकती वाकून वाकून तडकली की पिशवी थंड होताना आपोआप गोठायला लागते; मग ती टाकूनच द्यावी लागते. खूप जुन्या पिशवीतून प्लास्टिकवाटे थोडं थोडं पाणी निघून जातं. ट्रायहायड्रेटचं पाणी कमी झालं की न वितळणारा पांढरा गाळ तळाशी उरतो आणि पिशवीवर भरवसा राहत नाही.

उष्णता देणाऱ्या आणखी दोन प्रकारांबद्दल थोडक्यात. काही एकदाच वापरायच्या गरम पिशव्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, पाण्यात विरघळताना ते मोलमागे सुमारे ८१ किलोज्यूल उष्णता देतं. गंमत अशी की तिथे विरघळताना एन्ट्रॉपी घटते, मोलमागे सुमारे ४५ ज्यूल प्रति केल्विनने, कारण दुहेरी भाराचा कॅल्शियम आयन भोवतीचे पाण्याचे रेणू करकचून बांधून ठेवतो. विरघळणं म्हणजे एन्ट्रॉपी वाढणारच, असं धरून चालणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. दुसरा प्रकार लोखंडाच्या भुकटीचा: वेष्टन फाडलं की हवेतल्या ऑक्सिजनने लोखंड गंजतं आणि तास न् तास ऊब देतं. भुकटीचं प्रचंड पृष्ठफळ आणि सोबत मीठ, ओलावा असल्यामुळे खिळा गंजायला जो काळ लागतो तो इथे तासांवर येतो. अभिक्रिया तीच, वेग वेगळा. थंड प्रदेशात हातमोज्यात ठेवायला ती उत्तम, पण गुडघ्याला पुरेल इतकी ऊब मला तिच्यातून मिळाली नाही.

घरात रोजच्या शेकासाठी सोडियम ॲसिटेटची मोठी पिशवी घ्या, गळ्याभोवती किंवा गुडघ्याभोवती बसेल अशा आकाराची. प्रथमोपचाराच्या पेटीत युरियाच्या दोन गार पिशव्या ठेवा, पेटी उन्हापासून दूर ठेवा. शिकवणाऱ्यांनी गार पिशवी एक जादा घ्यावी, ती वर्गात फोडायला लागतेच. आणि उत्पादकांना एक विनंती: क्षाराचं नाव, क्षाराचं वजन आणि पाण्याचं वजन, हे तीन आकडे-अक्षरं वेष्टनावर छापा. एवढं दिलं तर पिशवी किती अंशांनी गार पडायला हवी हे कुणीही कागदावर काढू शकेल आणि थर्मामीटर लावून तपासूही शकेल.